बसमधील जागा आणि इतिहासातील जागा

२ मार्च १९५५ रोजी दुपारी, अमेरिकेच्या अलाबामा राज्याची राजधानी असलेल्या माँटगोमेरी शहरात, शाळेतून घरी निघालेल्या पंधरा वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलीने बसमधील आपली जागा एका गोऱ्या स्त्रीसाठी सोडण्यास नकार दिला. पोलिसांनी तिला ओढून खाली काढले, हातकड्या घातल्या आणि प्रौढ कैद्यांच्या तुरुंगात नेऊन कोंडले. तिचे नाव क्लॉडेट कॉल्विन. त्यानंतर नऊ महिन्यांनी, १ डिसेंबर १९५५ रोजी, त्याच शहरात त्याच नकारासाठी रोझा पार्क्स यांना अटक झाली, आणि त्या अटकेतून उभा राहिलेला बहिष्काराचा लढा आज जगभरच्या शालेय पुस्तकांत शिकवला जातो. कॉल्विनचे नाव मात्र त्या पुस्तकांत जवळजवळ अर्धशतकभर नव्हते. ८ मार्चच्या महिला दिनाच्या सभांची तयारी ठिकठिकाणी सुरू असते, त्याच आठवड्यात येणारा हा दिवस कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावा असा आहे; आणि तो केवळ एका उपेक्षित मुलीविषयी सहानुभूती व्यक्त करण्यासाठी नव्हे. लढा कसा उभा राहतो, त्याचा चेहरा कोण ठरवतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे तीन प्रश्न या एका प्रकरणात जितक्या स्पष्टपणे एकत्र आले आहेत तितके क्वचितच येतात.

आधी त्या बसची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. माँटगोमेरीच्या बसमध्ये ३६ आसने असत. पुढची दहा गोऱ्यांसाठी राखीव. एकही गोरा उतारू नसला आणि बस कृष्णवर्णीयांनी खचाखच भरलेली असली तरी ती दहा आसने रिकामीच धावत. मागची दहा रूढीने कृष्णवर्णीयांची. मधली सोळा चालकाच्या मर्जीवर. तो सांगेल तेव्हा, सांगेल त्याने उठायचे. शहराच्या नियमांनी चालकाला त्यासाठी पोलिसाचे अधिकार दिले होते. पुष्कळदा कृष्णवर्णीय उतारूने पुढच्या दाराने चढून पैसे भरायचे, खाली उतरायचे आणि मागच्या दाराने पुन्हा चढायचे, असाही परिपाठ होता. आणि तो मागच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच बस निघून गेल्याचे प्रसंग घडत. उतारूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीयच होते. म्हणजे कंपनीचा गल्ला ज्यांच्या पैशांनी भरत होता, त्यांनाच ती बसमध्ये उभे ठेवीत होती.

ही कंपनी कोणाची, हेही पाहण्यासारखे आहे. माँटगोमेरी सिटी लाइन्स ही शिकागोच्या नॅशनल सिटी लाइन्स या बड्या कंपनीची उपकंपनी. याच नॅशनल सिटी लाइन्सला १९४९ साली जनरल मोटर्स, फायरस्टोन, स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया आदी मक्तेदारांसह संघीय न्यायालयाने दोषी ठरवले होते. देशभरच्या शहरी वाहतूक कंपन्यांना बस, इंधन व टायर पुरवण्याची मक्तेदारी संगनमताने हस्तगत केल्याचा तो गुन्हा होता. कंपन्यांना दंड झाला प्रत्येकी पाच हजार डॉलर, आणि संबंधित अधिकाऱ्यांना प्रत्येकी एक डॉलर. उत्तरेकडील भांडवल दक्षिणेकडील वर्णद्वेषाशी किती सहजपणे संसार थाटू शकत होते, याचे हे उदाहरण. वर्णभेद ही केवळ दक्षिणेतील मागासलेल्या जमीनदारी मनाची विकृती आहे, असे म्हणणाऱ्या उदारमतवाद्यांनी बसचा मालक कोण होता, हे क्वचितच सांगितले आहे.

बसमधील या व्यवस्थेसाठी मराठीत पृथक्करण, वर्णविभक्ती असे शब्द वापरले जातात. ते चूक नाहीत. परंतु त्या दुपारी प्रत्यक्ष घडले ते पाहिले म्हणजे या देशातील वाचकाला अधिक जुना व अधिक ओळखीचा शब्द आठवेल. कॉल्विनच्या रांगेत तिच्यासह चार विद्यार्थिनी बसल्या होत्या. चालकाने आज्ञा करताच तिघी उठल्या. तीन आसने रिकामी झाली. उभ्या असलेल्या गोऱ्या स्त्रीला बसायला हवे होते फक्त एक. तरीही ती बसली नाही. कारण चौथ्या आसनावर, म्हणजे त्याच रांगेत, काळी मुलगी अजून बसलेली होती. प्रश्न आसनाचा नव्हताच. एका रांगेत बसण्याचा होता. याला विटाळ म्हणतात. १९०१ साली मसूर स्टेशनावर उतरलेल्या सातारच्या शाळकरी भीमराव आंबेडकराला आणि त्याच्या भावंडांना गोरेगावी नेण्यासाठी एकही गाडीवान तयार होईना, आणि अखेर दुप्पट भाडे घेऊन, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे या अटीवर सौदा ठरला, ती हकीकत ज्यांना माहीत आहे त्यांना माँटगोमेरीची बस परकी वाटणार नाही. गाडीवानाला भाडे चालत होते, शेजार चालत नव्हता. बस कंपनीचेही नेमके तेच होते.

क्लॉडेट कॉल्विन ही किंग हिल या शहरातील गरीब वस्तीत राहणारी. तिला वाढवले ते आजीच्या पिढीतील नातलग दांपत्याने. त्या घरातील कर्ती स्त्री गोऱ्यांकडे घरकाम करी, पुरुष त्यांच्या बागांतील गवत कापी. क्लॉडेटची धाकटी बहीण १९५२ साली पोलिओने दगावली. त्याच वर्षी तिच्या शाळेतील सोळा वर्षांच्या जेरेमाया रीव्ह्ज या मुलावर गोऱ्या स्त्रीवरील बलात्काराचा आरोप ठेवण्यात आला, निव्वळ गोऱ्यांच्या पंचमंडळाने त्याला दोषी ठरवले आणि देहदंडाची शिक्षा झाली. १९५८ साली ती अमलातही आली. दुकानात कृष्णवर्णीयांना पायात घालून जोडे पाहता येत नसत. कागदी पिशवीवर पावलाचा आकार काढून न्यावा लागे. या सगळ्याचा या मुलीच्या मनावर जो परिणाम झाला तो काही एका दिवसाचा नव्हता. फेब्रुवारी १९५५ मध्ये शाळेत कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचे धडे झाले. हॅरिएट टबमन, सोजर्नर ट्रूथ या गुलामीविरुद्ध लढलेल्या स्त्रियांची चरित्रे, अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौदावी दुरुस्ती आणि आपल्याच शहरात जोडे विकत घेताना होणारा अपमान, यांची सांगड वर्गात घातली गेली. कॉल्विनने त्या सुमारास आपले कुरळे केस तापवून सरळ करणे सोडून दिले. वर्गातल्या मुलींनी तिची चेष्टा केली. गोऱ्यांसारखे दिसण्याच्या त्या खटाटोपातून बाहेर पडणे हेसुद्धा बंडच होते, हे तेव्हा थोड्यांनाच उमगले असेल.

म्हणूनच २ मार्चची घटना हा बालिश हट्ट होता, असे म्हणणे म्हणजे तिचा अपमान होय. चालकाने पोलीस बोलावले. दरम्यान एक गर्भवती कृष्णवर्णीय स्त्री येऊन कॉल्विनशेजारी बसली होती. तिनेही उठण्यास नकार दिला. अखेर मागच्या एका पुरुषाने आपली जागा तिला दिली आणि तो बसमधून उतरून गेला. कॉल्विन एकटी राहिली. आपण भाडे भरले आहे, बसणे हा आपला घटनादत्त हक्क आहे, असे ती रडत रडत पण मोठ्याने सांगत होती. दोन पोलिसांनी तिला मनगटांना धरून ओढले. तिची वह्यापुस्तके विखुरली. गाडीत घालून नेताना तिच्या शरीरावर अश्लील शेरे मारण्यात आले. अल्पवयीन मुलीला बालसुधारगृहात नेण्याऐवजी तुरुंगाच्या कोठडीत बंद करण्यात आले. चर्चच्या धर्मोपदेशकाने तिच्या आईसह येऊन तिला सोडवले. त्या रात्री गोऱ्या दहशतवाद्यांच्या हल्ल्याच्या भीतीने तिचा पालक भरलेली बंदूक घेऊन दारापाशी जागत बसला होता. पंधरा वर्षांच्या मुलीच्या बसमधील नकाराचा अर्थ अलाबामात काय होता, हे त्या बंदुकीवरून समजते.

तिच्यावर तीन आरोप ठेवले गेले: पृथक्करणाच्या कायद्याचा भंग, शांतताभंग आणि पोलिसांवर हल्ला. फ्रेड ग्रे या चोवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय वकिलाने बचाव केला. १८ मार्चला बालन्यायालयाने तिन्ही आरोप सिद्ध मानून तिला देखरेखीखाली ठेवण्याचा हुकूम केला. ६ मे रोजी अपिलात मात्र न्यायाधीशाने पहिले दोन आरोप काढून टाकले आणि फक्त पोलिसांवरील हल्ल्याचा आरोप कायम ठेवला. वरवर पाहता ही दया होती. प्रत्यक्षात ही सत्ताधाऱ्यांची चलाखी होती; कारण ज्या कायद्याला आव्हान द्यायचे तो कायदाच खटल्यातून नाहीसा झाला आणि उरली ती फक्त एक दांडगी मुलगी. ‘हल्लेखोर’ हा शिक्का तिच्या नावावर कायम राहिला. दडपशाही दर वेळी लाठीनेच होते असे नाही, हे राजकीय खटल्यांचा अनुभव असलेल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

यापुढचा भाग अधिक अवघड आहे, आणि चळवळीतल्या माणसांनी त्याकडे डोळेझाक करू नये. शहरातील कृष्णवर्णीयांच्या संघटनांना बसविरुद्ध लढा हवा होता. स्त्रियांच्या राजकीय परिषदेच्या नेत्या, इंग्रजीच्या प्राध्यापिका जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी मे १९५४ मध्येच नगराध्यक्षांना पत्र लिहून बहिष्काराचा इशारा दिला होता. कॉल्विनच्या अटकेनंतर शिष्टमंडळ बस कंपनीला व शहराच्या अधिकाऱ्यांना भेटले. त्यात २६ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंगही होते. काही दिवस अनेकांनी बसने जाणे टाळले. ई. डी. निक्सन यांच्यासारखा अनुभवी कार्यकर्ता या प्रकरणावर लढा उभारता येईल का, याचा विचार करीत होता. मग निर्णय झाला, की ही मुलगी नको.

या निर्णयाचे कारण म्हणून एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली गेली: ती अविवाहित असून गरोदर होती. तारखा तपासल्या तर हे कारण टिकत नाही. तिचे मूल १९५६ च्या मार्चअखेरीस जन्मले. म्हणजे अपिलाचा निकाल लागला आणि तिच्या खटल्यावर लढा उभारण्याचा विचार मागे पडला तेव्हा ती गरोदर नव्हतीच. पुढे त्या उन्हाळ्यात वयाने बऱ्याच मोठ्या, विवाहित पुरुषामुळे तिच्यावर हा प्रसंग ओढवला, आणि त्याचा दोष कोणाच्या पदरात घातला गेला हे सांगायलाच नको. शाळेतून तिलाच बाहेर पडावे लागले. आधीच घेतलेल्या निर्णयाला मागाहून सापडलेले हे सोयीस्कर समर्थन होते. खरी कारणे दुसरी होती. ती पंधरा वर्षांची होती, तोंडाळ आणि भावनाप्रधान समजली जात होती. किंग हिलची होती. रंगाने अधिक काळी होती. तिच्या घरची माणसे शहरातील प्रतिष्ठित कृष्णवर्णीयांच्या मंडळांत व चर्चांत वावरणारी नव्हती. मराठीत ज्याला घरंदाजपणा म्हणतात तो तिच्यापाशी नव्हता. शोषितांच्या समाजातही वर्ग असतात, आणि अन्यायाविरुद्ध लढतानासुद्धा ते आपापल्या जागा सहजासहजी सोडत नाहीत.

तथापि येथे घाईने निवाडा करून नेत्यांना कायरपणाचा दोष देणेही बरोबर होणार नाही. वर्णद्वेष्टी वृत्तपत्रे, गोऱ्यांच्या ‘नागरिक परिषदा’, न्यायालये आणि पोलीस एकवटून उभे असताना, ज्या खटल्यात फक्त पोलिसांवरील हल्ल्याचा आरोप उरला आहे त्याच्यावर पन्नास हजारांच्या समाजाचा लढा पणाला लावायचा की नाही, हा डावपेचाचा खरा प्रश्न होता. पराभव झाला असता तर त्याची किंमत घरकाम करणाऱ्या हजारो स्त्रियांनी मोजली असती. संपाचा दिवस ठरवणाऱ्या कोणत्याही युनियनच्या समितीला हा विचार करावाच लागतो. म्हणून चूक थांबण्यात नव्हती. जिला बाजूला ठेवले तिला मागाहून विसरून जाण्यात ती होती. डावपेच म्हणून घेतलेला निर्णय हळूहळू मूल्यमापन होऊन बसला, आणि ‘तिच्यावर लढा उभारणे शक्य नाही’ याचे ‘ती उल्लेखनीय नाही’ असे रूपांतर झाले.

ऑक्टोबर १९५५ मध्ये मेरी लुईस स्मिथ या अठरा वर्षांच्या मुलीला अशाच नकारासाठी अटक झाली. तीही बाजूला पडली. आणि १ डिसेंबरला रोझा पार्क्स. भांडवलदारी वृत्तपत्रांनी आणि मुलांच्या पुस्तकांनी त्यांची जी प्रतिमा रंगवली ती अशी: दिवसभर शिवणकाम करून पाय दुखू लागलेली एक साधीभोळी बाई, जिने दमल्यामुळे उठण्याचे नाकारले आणि इतिहास घडला. ही गोष्ट पार्क्स यांनी स्वतः नाकारली आहे. त्या ४२ वर्षांच्या होत्या आणि १९४३ पासून कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेच्या शहर शाखेच्या चिटणीस म्हणून काम करीत होत्या; १९४४ साली गोऱ्या तरुणांच्या सामूहिक बलात्काराला बळी पडलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या प्रकरणाची चौकशी त्यांनी केली होती; १९५५ च्या उन्हाळ्यात टेनेसीतील हायलँडर या कामगार-कार्यकर्त्यांच्या शाळेत त्या शिबिराला जाऊन आल्या होत्या. त्यांचे पती रेमंड पार्क्स हे स्कॉट्सबरोच्या मुलांच्या बचावासाठी झालेल्या गुप्त बैठकांत भाग घेणारे. स्कॉट्सबरो म्हणजे काय, हे जुन्या कॉम्रेडांना आठवत असेल. १९३१ साली अलाबामात मालगाडीतून जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय मुलांना बलात्काराच्या खोट्या आरोपाखाली पकडण्यात आले, त्यांपैकी आठांना पंधरवड्यात देहदंड फर्मावण्यात आला, आणि अमेरिकेतील कम्युनिस्टांच्या पुढाकाराने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कामगार बचाव संघटनेने तो प्रश्न जगाच्या वेशीवर टांगला. त्याच काळात अलाबामाच्या कापूसपट्ट्यात वाटेकरी शेतकऱ्यांची युनियन कम्युनिस्टांनी गोळीबारांना तोंड देत बांधली होती. निक्सन हे रेल्वेच्या शयनयानांतील कृष्णवर्णीय सेवकांच्या युनियनचे शहरातील पुढारी होते. माँटगोमेरीचा लढा कम्युनिस्टांनी उभारलेला नव्हता, आणि तसा दावा करण्याचे कारणही नाही. परंतु त्याच्यामागे आकाशातून उतरलेली प्रेरणा नव्हती. पंचवीस वर्षांची संघटित मशागत होती, आणि मॅकार्थीच्या काळात तिचे मूळ नाव घेणेही धोक्याचे झाले होते.

पार्क्स आणि कॉल्विन यांना एकमेकींच्या विरोधात उभे करण्याची जी नवी प्रथा पडली आहे ती यामुळेच निरर्थक ठरते. कॉल्विनच्या खटल्यासाठी निधी जमवणाऱ्यांत पार्क्स होत्या. तिला त्यांनी आपल्या युवक मंडळात बोलावून घेतले. ती त्यांच्या घरी जात-येत असे. पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री रॉबिन्सन यांनी महाविद्यालयाच्या चक्रमुद्रण यंत्रावर हजारो पत्रके छापली. त्या पत्रकात आधीच्या प्रकरणाचा उल्लेख आहे, पण मुलीचे आडनाव चुकले आहे. कॉल्विनच्या जागी कॉल्बर्ट छापले गेले, म्हणजे त्या वेळच्या एका प्रसिद्ध चित्रपट अभिनेत्रीचे नाव! रात्रभर जागून, पकडले जाण्याच्या भीतीत केलेल्या कामातली ही चूक कोणीही क्षमा करील. पण तिच्या नावाचे पुढे काय होणार होते, याची ही जणू पहिली खूण होती.

५ डिसेंबर १९५५ ला सुरू झालेला बहिष्कार ३८१ दिवस चालला. सुमारे चाळीस हजार माणसे बसमध्ये चढली नाहीत. स्वयंपाकिणी, धुणी धुणाऱ्या बायका, दाया पहाटे उठून मैलोन्‌मैल चालत गेल्या. सुमारे तीनशे मोटारींची सामायिक वाहतूक व्यवस्था उभी राहिली. किंग व निक्सन यांच्या घरांवर बॉम्ब पडले. १९२१ च्या बहिष्कारविरोधी कायद्याखाली पुढाऱ्यांना घाऊक अटका झाल्या. हे सारे सर्वश्रुत आहे. कमी माहीत आहे ते असे, की बसमधील वर्णभेद कायद्याने संपवला तो पार्क्स यांच्या खटल्याने नव्हे. त्यांचा खटला राज्याच्या न्यायालयांत रेंगाळत ठेवण्यात आला होता. म्हणून फ्रेड ग्रे यांनी १ फेब्रुवारी १९५६ रोजी संघीय न्यायालयात वेगळा दावा दाखल केला. त्यासाठी फिर्यादी हवे होते, आणि फिर्यादी होणे म्हणजे आपले नाव, पत्ता व पोटापाण्याचे साधन उघडपणे शत्रूच्या हाती देणे. अखेरपर्यंत टिकल्या त्या चार स्त्रिया. ऑरेलिया ब्राउडर, शिवणकाम करणारी विधवा. सूसी मॅक्डोनाल्ड, सत्तरी ओलांडलेली. मेरी लुईस स्मिथ. आणि क्लॉडेट कॉल्विन. एकही पुरुष नाही, एकही धर्मोपदेशक नाही. पाचवीने दबावाखाली नाव मागे घेतले. ज्या दोन मुली ‘लढ्याचा चेहरा’ होण्यास अपात्र ठरल्या होत्या, त्या दोघीही या यादीत होत्या. कॉल्विनने सही केली तेव्हा तिला सातवा महिना होता.

११ मे १९५६ रोजी तिने तीन न्यायाधीशांसमोर साक्ष दिली. वय सोळा, घरी सहा आठवड्यांचे मूल. शहराच्या वकिलाचा डाव असा होता, की हे लोक स्वतः समाधानी होते, किंग नावाच्या बाहेरच्या माणसाने त्यांना चिथावले, असे एखाद्या साक्षीदाराकडून वदवून घ्यावे. तुमचा नेता कोण, असे त्याने तिला विचारले. आमचे आम्हीच नेते, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. ५ जून रोजी दोन विरुद्ध एक मतांनी न्यायालयाने बसमधील पृथक्करण घटनाबाह्य ठरवले. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. ती बातमी आली तेव्हा माँटगोमेरीतील दुसऱ्या न्यायालयात बहिष्कारकर्त्यांच्या सामायिक मोटारींवर बंदी घालण्याची सुनावणी चालली होती. आणि ती बंदी त्याच दिवशी घातलीही गेली. एका हाताने हक्क आणि दुसऱ्या हाताने मनाई, हा न्यायसंस्थेचा विनोद मोठा बोलका आहे. न्यायालयात निकाल मिळाला हे खरे. परंतु वर्षभर चालणाऱ्या पावलांचा आवाज न्यायालयाबाहेर नसता तर तो तसाच व तेव्हाच मिळाला असता, असे मानण्यास आधार नाही. २१ डिसेंबरला बहिष्कार संपला. आठवड्याभरातच बसवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि एका गर्भवती कृष्णवर्णीय स्त्रीच्या पायांत त्या घुसल्या. जानेवारी १९५७ मध्ये चर्चांवर बॉम्ब पडले.

आणि नोकऱ्या गेल्या. पार्क्स यांचे कपड्यांच्या दुकानातील काम जानेवारी १९५६ मध्येच सुटले; पुढच्या वर्षी त्यांना डेट्रॉइट गाठावे लागले. कॉल्विनला तर माँटगोमेरीत नाव कळताच कामावरून कमी केले जाई. १९५८ साली मूल मागे ठेवून ती न्यूयॉर्कला गेली. तेथे मॅनहॅटनमधील एका शुश्रूषागृहात त्यांनी ३५ वर्षे परिचारिका-साहाय्यक म्हणून वृद्ध रुग्णांची सेवा केली, बहुधा रात्रपाळीत, आणि २००४ साली त्या निवृत्त झाल्या. सोबतच्या कामगारांना त्या कोण आहेत याची कल्पना नव्हती. २००९ मध्ये फिलिप हूज यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्राला अमेरिकेतील राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला, तेव्हा कोठे प्रसिद्धीच्या यंत्रणेला जाग आली. आता त्या यंत्रणेने दुसरी गोष्ट रचायला घेतली: विसरलेली वीरबाला, खरी पहिली नायिका. या गोष्टीत सहानुभूती आहे, पण दोष तोच आहे. पहिल्या दंतकथेने संघटना पुसून एक दमलेली शिंपीण उरवली. दुसरी संघटना पुसून एक धीट मुलगी उरवते. वस्तुतः ‘पहिली’ कोणीच नव्हती. १८८४ साली टेनेसीत आयडा वेल्स यांना आगगाडीच्या डब्यातून ओढून काढले होते. १९४४ साली व्हर्जिनियात आयरीन मॉर्गन यांनी बसमधून उठण्यास नकार देऊन सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा नेला. १९५३ साली लुइझियानातील बॅटन रूजमध्ये बसवर बहिष्कार पडला होता. कॉल्विनचे मोठेपण पहिलेपणात नाही. एकदा एकटी पडूनही ती दुसऱ्यांदा, अधिक अवघड स्थितीत, संघटित लढ्याच्या कामी उभी राहिली, यात आहे.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही, हे दोन्ही देशांतील लढवय्यांनी पूर्वीच ओळखले होते. १९४६ साली कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मिळावी म्हणून डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि ड्यूबॉइस यांनी त्याला आस्थेने उत्तर दिले. हेच ड्यूबॉइस १९६१ साली, वयाच्या ९३ व्या वर्षी, अमेरिकेच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले. इकडे १९२७ च्या महाडच्या परिषदेच्या उभारणीत अग्रभागी असलेले रा. भि. मोरे पुढे कम्युनिस्ट चळवळीत आले. या धाग्यांचा उल्लेख भाषणांत नेहमी होतो. परंतु शाखांच्या अहवालांत अजून काय दिसते? मोर्चात अटक झालेल्यांची नावे छापताना पुढारी नावानिशी येतात आणि उरलेले ‘व इतर’ होतात. अंगणवाडी सेविका, ऊसतोड करणाऱ्या बायका, वसतिगृहातील मुली या ‘व इतर’ मध्ये असतात. वस्तीतील एखाद्या मुलीने कंडक्टरला, मुकादमाला किंवा सवर्ण पाटलाला उलट उत्तर दिले, तर तिच्या बाजूने उभे राहण्याआधी तिच्या चालचलणुकीची चौकशी करणारे कार्यकर्ते आपल्याकडे नाहीत काय? माँटगोमेरीच्या नेत्यांपाशी निदान एक उत्तर होते, की खटला हरण्याचा धोका होता. येथे पुष्कळदा तेवढेही कारण नसते. अशा मुलीचे प्रकरण तालुका समितीपुढे यावे, तिचे पूर्ण नाव इतिवृत्तात लिहिले जावे आणि खटला पडला तर तो शेवटपर्यंत कोण पाहणार हे त्याच बैठकीत ठरावे, एवढी साधी शिस्त तरी या महिला दिनाच्या तयारीत अमलात आणता येईल.

अमेरिकेत मिळालेले हक्क परत हिरावून घेण्याचे काम चालूच राहिले आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या मतदान हक्क कायद्यातील सर्वांत परिणामकारक तरतूद निरुपयोगी केली. तो दावा आणला होता अलाबामातीलच शेल्बी काउंटीने. दुसरीकडे पुतळे उभारले जातात. माँटगोमेरीत १ डिसेंबर २०१९ रोजी रोझा पार्क्स यांचा पुतळा उभा राहिला आणि त्याच्याजवळ दाव्यातील चार स्त्रियांच्या नावांचे दगड बसवण्यात आले. कॉल्विन यांच्या नावावरील गुन्हा मात्र तेव्हाही तसाच होता. १९५५ च्या देखरेखीच्या हुकुमाची मुदत संपल्याचे कोणी त्यांना कधी कळवलेच नव्हते. त्या गावी आल्या म्हणजे घरची माणसे धास्तावत. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांनी माँटगोमेरीच्या बालन्यायालयात अर्ज केला. अर्ज बालन्यायालयातच करावा लागला, कारण कागदोपत्री आरोपी अजून पंधरा वर्षांचीच होती. कृष्णवर्णीय न्यायाधीशाने तो मंजूर केला आणि पोलिसांवर हल्ला केल्याची ६६ वर्षांपूर्वीची नोंद नष्ट करण्याचा आदेश दिला.